आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास? दोष शोधायची पद्धत, अर्थिंग आणि काम करताना घ्यायची काळजी

सातपूर_वायरिंग

इंदिरानगरमधली जुनी इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, सिंगल फेज. वायरिंग जुनंच, कन्सील्ड. डीबी (घरातली वीज वाटणीची पेटी) नवी आहे: ४० अ‍ॅम्पचा डबल पोल मेन, त्याच्यापुढे ४० अ‍ॅम्प, ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट अर्थला गळून फेज-न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच) आणि आठ सिंगल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे, एकेका सर्किटचे स्विच). आरसीसीबी दिवसातून चार-पाच वेळा पडतो, पावसाची झड लागली की टिकतच नाही. आठही एमसीबी पाडले तरी पडतो. आधी काम करून गेलेल्याने आरसीसीबीच्या वरून खाली सरळ वायर मारली होती, म्हणजे बायपास, ती मी काढली. आता घरचे म्हणतात, "पीसच खराब आहे, पहिल्यासारखं करून द्या."

तसं करून देणार नाही. पण हा प्रकार नाशिकमध्ये दर दुसऱ्या जुन्या घरात दिसतो आणि बहुतेक ठिकाणी शेवट बायपासनेच होतो. अनुभवी मंडळींनी दोष शोधायची पद्धत सविस्तर लिहावी. नवीन पोरं वाचतील, त्यांना उपयोग होईल.

मेगर५००

सगळे एमसीबी पाडूनही पडतो, या एका वाक्यात अर्धं निदान आहे. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आठही सर्किटचे बारवर जोडलेलेच राहतात. त्यातला एखादा न्यूट्रल पुढे कुठे अर्थला टेकला असेल तर एमसीबी वर असो की खाली, आरसीसीबीला फरक पडत नाही. बिल्डिंगमधल्या इतरांच्या लोडमुळे न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट असतातच. टेकलेल्या जागेचा सगळा रस्ता ५ ओहमचा धरला तरी १ व्होल्टला २०० मिलिअ‍ॅम्प वाहतो. ३० चा आरसीसीबी पडणारच. पीस चांगला आहे.

न्यूट्रल-अर्थ दोषाची दुसरी खूण म्हणजे दोष एका खोलीत आणि आरसीसीबी पडतो दुसऱ्याच खोलीतला गिझर लावल्यावर. गिझरचा परतीचा करंट बारवर येतो, तिथून त्याला दोन वाटा मिळतात, थोडा करंट अर्थच्या वाटेने जातो. मग गिझर बदलला जातो आणि दोष जागेवरच राहतो.

क्रम असा ठेवा:

१. प्लग सगळे काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्या बोर्डवरचा स्विच सिंगल पोल असतो, उपकरणाचा न्यूट्रल जोडलेलाच राहतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, सगळं.

२. इन्व्हर्टर बंद, त्याचा इनपुट प्लगही बाहेर. मग मीटर रूममधला मेन पाडा आणि कुलूप लावा. डीबीवर पुरवठा नाही हे मीटरने तपासा. आरसीसीबी खालीच ठेवा, म्हणजे दोन्ही पोल उघडे राहतील.

३. न्यूट्रल बारवरच्या सगळ्या काळ्या वायर सोडवा. सोडवण्याआधी प्रत्येकीला सर्किट नंबरची चिकटपट्टी लावा. ही पाच मिनिटं वाचवली तर पुढे दोन तास जातात.

४. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) ५०० व्होल्ट डीसीवर. एक टोक अर्थ बारला, दुसरं एकेका न्यूट्रलला, प्रत्येकी एक मिनिट. किमान १ मेगाओहम हवाच, चांगल्या सर्किटला त्याहून कितीतरी जास्त येतो. जिथे काही किलोओहम किंवा शून्य दिसेल ते सर्किट तुमचं.

५. मग तीच परीक्षा फेजवर. २३० व्होल्टला ३० मिलिअ‍ॅम्प म्हणजे साधारण ७.७ किलोओहम. आणि ३० चा आरसीसीबी नियमाप्रमाणे १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणजे १५ किलोओहमचा ओलसर जोडही त्याला पुरतो.

६. सर्किट सापडलं की मधला जंक्शन बॉक्स उघडून दोन भाग करा, दोन्हीकडे मेगर मारा. खराब भागाचे पुन्हा दोन. भिंत फोडायची वेळ क्वचित येते.

मेगर मारताना एलईडी ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर, स्मार्ट स्विच सर्किटवर राहिले तर जळतात. काढता येत नसतील तर त्या सर्किटचा फेज-न्यूट्रल एकत्र बांधून दोन्ही मिळून अर्थशी मेगर मारा. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये मारू नका.

पंचवटीकर

दोष नेमका कुठे सापडतो तेही लिहितो, कारण जागा त्याच त्याच असतात. लोखंडी बॉक्समध्ये प्लेट बसवताना वायर मागे कोंबली जाते आणि लांब स्क्रूचं टोक काळ्या वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसतं. स्क्रू बॉक्सला, बॉक्स अर्थला. प्लेट उघडली तर इन्सुलेशनवर बारीक टोचल्याची खूण आणि भोवती काळसर डाग दिसतो, नुसत्या नजरेला चुकतो, बोट फिरवलं की लागतो. दुसरी जागा बाथरूमच्या बाहेरच्या बाजूचा बोर्ड: मागून ओल, बॉक्स गंजलेला, अर्थच्या स्क्रूवर हिरवट थर. तिसरी जागा गॅलरीतला दिवा आणि दारावरची बेल. पावसात पडत असेल तर मी आधी याच दोन उघडीन, मेगर नंतर.

अंबड_मेंटेनन्स

@मेगर५००, पद्धत बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. उसना न्यूट्रल. जिन्याचा किंवा पॅसेजचा टू-वे दिवा घ्या, फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा. एकच आरसीसीबी असेपर्यंत कोणाला कळत नाही. दोन आरसीसीबी केले की त्या दिव्याचं बटण दाबताच दोन्हीपैकी एक पडतो. मोठा दिवा लागत नाही त्याला, १० वॉटच्या एलईडीलाही ४० मिलिअ‍ॅम्पच्या वर करंट लागतो.

शोधायला सोपं आहे. न्यूट्रल सगळे सोडवलेले असताना दोन-दोन न्यूट्रलमध्ये कंटिन्युइटी पाहा. जिथे शून्य येईल तिथे दोन सर्किट एकमेकांत मिसळलेत.

आणि हा विषय फक्त ट्रिपिंगचा नाही. एका सर्किटचा एमसीबी पाडला, टेस्टर लावला, फेज मेला म्हणून निर्धास्तपणे न्यूट्रलचा जोड उघडला. त्या जोडावर दुसऱ्या चालू सर्किटचा न्यूट्रल असेल तर उघडलेल्या टोकावर दिव्यातून किंवा पंख्यातून पूर्ण २३० व्होल्ट येतो. आपण फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये सापडतो, आणि तिथे आरसीसीबी वाचवत नाही. त्याला तो साधा लोड दिसतो. म्हणून जुन्या घरात एका सर्किटचा एमसीबी पाडून काम करायचंच नाही, मेन पाडायचा.

गंगापूररोड

एक शंका. अर्थिंग उत्तम असेल तर एमसीबीच पडेल ना? मग आरसीसीबीचा एवढा आग्रह का? आणि काही जण ३० ऐवजी १०० मिलिअ‍ॅम्पचा लावून त्रास मिटवतात, ते कसं?

मेगर५००

आकडे मांडून बघा. घराचा अर्थपिट (अर्थ इलेक्ट्रोडचा खड्डा) ५ ओहम, आपल्याकडे हा चांगला धरतात. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा अर्थ २ ओहम धरू. गिझरच्या एलिमेंटला तडा जाऊन फेज बॉडीला आला तर करंट २३० भागिले ७, म्हणजे साधारण ३३ अ‍ॅम्प. सी कर्व्हचा १६ अ‍ॅम्पचा एमसीबी झटक्यात पडायची हमी दहापटीला, म्हणजे १६० अ‍ॅम्पला आहे. ३३ अ‍ॅम्पला तो आतली पट्टी तापून पडेल, त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतो. तेवढा वेळ गिझरच्या बॉडीवर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट. नळ पितळी आणि हात ओला.

तोच दोष आरसीसीबीला दिसला तर तो ३०० मिलिसेकंदाच्या आत पडतो, आणि दोष १५० मिलिअ‍ॅम्पच्या वर असला तर ४० मिलिसेकंदात. पिट खराब होऊन १०० ओहमवर गेला तरी २.३ अ‍ॅम्प वाहतोच, त्याला तेही भरपूर. उलट बाजूही सांगतो: अर्थच नसेल तर बॉडी लाइव्ह होऊन बसते, आरसीसीबी शांत असतो, आणि माणूस हात लावतो तेव्हा पडतो. तेवढा झटका बसतोच. म्हणून दोन्ही हवेत.

१०० आणि ३०० मिलिअ‍ॅम्पचे आरसीसीबी आगीपासून बचावासाठी, मेनला लावायचे. १०० मिलिअ‍ॅम्प शरीरातून सेकंदभर गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. माणसासाठी ३०, याच्यावर तडजोड नाही. अगदी लहान लोड सोडला तर अर्थ लीकेज संरक्षण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे. २०१० चे नियम जाऊन आता २०२३ चे लागू आहेत.

सातपूर_वायरिंग

दोष काढल्यावरही कधीमधी पडतो असं झालं तर? या घरात दोन कॉम्प्युटर, दोन इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन आहे.

अंबड_मेंटेनन्स

तो साठलेला लीकेज. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर चांगल्या अवस्थेतही एखाद-दोन मिलिअ‍ॅम्प अर्थला सोडतात. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, एसी धरून बेरीज १२-१३ वर गेली की वीज येण्या-जाण्याच्या झटक्यातही आरसीसीबी पडतो. नेहमीचा लीकेज रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे ३० ला ९ मिलिअ‍ॅम्प. मोजायला लीकेज क्लॅम्प लागतो, मिलिअ‍ॅम्प दाखवणारा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात धरायचे. नेहमीचा मोठा क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही.

उपाय म्हणजे वाटणी. गिझर आणि बाथरूम एकावर, किचन दुसऱ्यावर, बाकी तिसऱ्यावर. खर्च झेपत असेल तर गिझर, वॉशिंग मशीन आणि एसीला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच पीसमध्ये). प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल बार वेगळी. हे विसरलं की वर सांगितलेला उसना न्यूट्रल आपणच डीबीत तयार करतो. इन्व्हर्टर एसी आणि नवीन वॉशिंग मशीनला टाइप ए चा आरसीसीबी घ्या, कारण टाइप एसीचा आरसीसीबी कापलेल्या लहरीचा लीकेज नीट ओळखत नाही. प्रकार पुढच्या बाजूलाच चिन्हाने छापलेला असतो: टाइप एसीला नुसती लाट, टाइप ए ला लाटेखाली अर्धी लाट.

आणखी एक. फोर पोलचा आरसीसीबी सिंगल फेजला वापरलात तर टेस्ट बटण कोणत्या दोन पोलांवर चालतं ते बाजूच्या आकृतीत बघा. चुकीच्या पोलांवर जोडला तर बटण दाबून काहीच होत नाही आणि पीसवर आळ येतो.

गंगापूररोड

टेस्ट बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंगही ठीक, असं समजायचं का?

अंबड_मेंटेनन्स

नाही. बटण आतल्या रेझिस्टरमधून एका बाजूचा फेज दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडतं. घराला अर्थ नसला तरी पडतो. बटण महिन्यातून एकदा दाबायचं ते यंत्रणा अडकली नाही ना हे बघायला.

मुरूम_आणि_माती

अर्थिंगबद्दल नाशिकपुरतं लिहितो. पंचवटी, आडगावच्या बाजूला काळी माती मिळते, तिथे एका पाइपात काम होतं. पाथर्डी फाटा किंवा त्र्यंबक रोडला तीन-चार फुटांवर मुरूम, खाली काळा पाषाण. तिथे एक पिट कितीही मीठ-कोळसा भरून ५ ओहमवर येत नाही. मीठ जास्त झालं की जीआय पाइप काही वर्षांत खाऊन टाकतं, हे वेगळंच.

आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे जीआय पाइप किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब. पिट इमारतीच्या पायापासून दीड मीटर तरी लांब. खडक लागला तर खोल जायचा हट्ट सोडा, दोन किंवा तीन इलेक्ट्रोड समांतर जोडा, आणि दोघांमधलं अंतर इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दुप्पट ठेवा. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही. भोवती बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा, ते पाणी धरून ठेवतं.

१०० वॉटचा दिवा फेज आणि अर्थच्या मध्ये लावून "अर्थिंग झकास" सांगायची पद्धत सोडून द्या. तो दिवा ०.४३ अ‍ॅम्प घेतो. अर्थ ५० ओहमचा असला तरी त्यात २१-२२ व्होल्टच पडतात, दिवा जवळपास पूर्ण पेटलेला दिसतो. ५० ओहमचा पिट मात्र एमसीबी पाडायच्या दृष्टीने शून्य कामाचा. अर्थ टेस्टर वापरा, पिटची वायर घरापासून सोडवून. करंटचा खिळा ३० मीटरवर, व्होल्टेजचा साधारण १८.५ मीटरवर, मग व्होल्टेजचा खिळा दोन-दोन मीटर मागे-पुढे करून पुन्हा रीडिंग. तिन्ही जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. आणि मोजा एप्रिल-मे मध्ये. पावसाळ्यातलं रीडिंग फसवं असतं.

नळाच्या पाइपला अर्थ वायर बांधलेली जुन्या घरांत अजून सापडते. मध्येच सीपीव्हीसीचा तुकडा आला की तो अर्थ संपला, आणि खालच्या मजल्याच्या नळाला करंट.

निफाड_पंप

घरगुती विषयात जरा शेतीचं. ऑटो स्विच. लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरला तो बसवलेला असतो, कारण थ्री-फेज पुरवठा पाळीने, कधी रात्री. लाइट गेलेली बघून माणूस स्टार्टर उघडतो किंवा मोटारीचं जोडकाम करायला बसतो, आणि मध्येच पुरवठा येतो. लाइट नसणं म्हणजे लाइन बंद असणं नाही. ऑटो स्विच मॅन्युअलवर, मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात. मग काम.

मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून दोन अर्थ वायर हव्यात. एक तुटली तरी दुसरी राहते.

आणि डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज गेला तर बांबू घेऊन जाऊ नका, कितीही घाई असली तरी. पाणी द्यायचं राहिलं तर देता येतं. महावितरणच्या १९१२ वर कळवा. ते लाइनमनचं काम आहे, तोही शटडाऊन घेऊन आणि लाइन अर्थ करूनच चढतो.

तारतंत्री_नाशिकरोड

काम सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

निऑन टेस्टर वर भरवसा ठेवू नका. कोरड्या लाकडी घोड्यावर उभं राहिलं की तो मंद पेटतो, उन्हात दिसत नाही. न्यूट्रल तुटला असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. शेजारच्या वायरच्या इंडक्शननेही पेटतो. दोन टोकांचा टेस्टर किंवा कॅट ३ (सुरक्षा वर्ग) चा मल्टिमीटर घ्या. आधी तो चालू असलेल्या पॉइंटवर लावून २३० दाखवतो का बघा. मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही. मग परत चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली असेल तर शेवटच्या पायरीला कळतं. या तिन्ही पायऱ्यांना मिळून एक मिनिट लागत नाही.

मीटर रूममध्ये बोर्डवरची नावं पुसलेली असतात. मेन पाडल्यावर वर फ्लॅटमध्ये खरोखर गेली का ते बघून मगच कुलूप. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, कुलपाला नाव आणि मोबाइल नंबरची पाटी. "कोणी चालू करू नका" असं सांगून वर जाणं पुरेसं नाही, दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्ट बंद पडली म्हणून येतात आणि जो स्विच खाली दिसेल तो वर करतात.

इन्व्हर्टरचं वेगळं. मेन पाडला की तो स्वतःहून सुरू होतो आणि दिवे-पंख्यांच्या सर्किटवर २३० व्होल्ट पुन्हा येतो. पुढचं बटण बंद करून थांबू नका, त्याचा आउटपुटही डीबीपासून तोडा. घराच्या डीबीत इन्व्हर्टरच्या आउटपुटला डबल पोल स्विच, त्याच्यापुढे स्वतंत्र ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी आणि त्या सर्किटची वेगळी न्यूट्रल बार, हे नव्या कामात करूनच द्या. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी पान्याने टर्मिनल शॉर्ट झाले तर पाना लालभडक होतो, म्हणून हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप.

छतावर सोलर असेल तर डीसी बाजू दिवसा कधीच मृत नसते. आठ पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे उघड्या सर्किटला ४०० व्होल्टच्या आसपास. डीसीचा आर्क आपोआप विझत नाही, लोड चालू असताना एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे) ओढू नका. आधी इन्व्हर्टरचा एसी, मग डीसी आयसोलेटर, मग कनेक्टर.

शिडी अ‍ॅल्युमिनियमची नको, फायबरची किंवा बांबूची. एकट्याने जाऊ नका. खाली उभा राहणाऱ्याला मेन कुठे आहे आणि छाती कशी दाबायची, दोन्ही माहीत हवं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, १०८ येईपर्यंत. शॉक लागलेल्याला पुरवठा तोडल्याशिवाय हात लावायचा नाही.

गंगापूररोड

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ बसवलेलं खूप ठिकाणी दिसतं. वायर २.५ ची असली तर किती धोका?

पंचवटीकर

२.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपात गच्च बसलेली असेल तर २० अ‍ॅम्पच्या आसपास धरा. ३२ चा एमसीबी ती पीव्हीसी मऊ होईपर्यंत पडणार नाही. एमसीबी वायरसाठी असतो, उपकरणासाठी नाही. दिव्यांच्या १.५ ला ६ किंवा १० अ‍ॅम्प, २.५ ला १६, गिझर-एसीच्या ४ ला २० किंवा २५. दिवे-पंख्यांच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट, १६ अ‍ॅम्पचे सॉकेट एका सर्किटवर दोनच. १६ चा पडतो म्हणजे एका सर्किटवर गिझर आणि इंडक्शन दोन्ही आहेत. तिथे नवीन वायर ओढायची.

पडण्याचं आणखी एक कारण ढिला स्क्रू. जोड तापतो, उष्णता एमसीबीच्या पट्टीला जाते, तो कमी करंटलाही पडतो. एमसीबीच्या तोंडाजवळचं इन्सुलेशन तपकिरी झालंय का बघा. बारीक तारांच्या वायरला पिन थिंबल (टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून मगच टर्मिनलमध्ये घाला.

सातपूर_वायरिंग

सगळ्यांचे आभार. आज न्यूट्रल सोडवून मेगर मारला. सात सर्किट २० मेगाओहमच्या वर, मागच्या गॅलरीचं जवळपास शून्य. बॉक्समध्ये पाणी होतं, काळ्या वायरचा पिळून टेप गुंडाळलेला जोड तळाला टेकलेला. बॉक्स प्लास्टिकचा बदलला, जोड कनेक्टरमध्ये घेतला, पाइपाचं तोंड खालच्या बाजूला वळवलं. पुन्हा ३५ मेगाओहम. उद्या आरसीसीबी टेस्टरने वेळ मोजतो.

काम पूर्ण झाल्यावर घरमालकांना लेखी काय द्यावं?

तारतंत्री_नाशिकरोड

एक पान पुरे. प्रत्येक सर्किटचा नंबर, वायरचा आकार, एमसीबीचं रेटिंग, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ इन्सुलेशनचा आकडा. अर्थपिटचं रीडिंग तारखेसह. आरसीसीबी १५ मिलिअ‍ॅम्पला पडला नाही, ३० ला किती मिलिसेकंदांत, १५० ला किती. खाली परवान्याचा नंबर आणि सही. एक प्रत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये चिकटवा. आणि तो आधीचा बायपासचा तुकडा तिथे ठेवू नका, सोबत घेऊन जा.